शब्द गेले कुठे? लाइव्ह रॉकबद्दल वाचकांचे प्रश्न

इंडी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांच्या आधाराशिवाय चालणाऱ्या, बँडांचे कार्यक्रम आणि संगीत महोत्सव यांबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. म्हणून तिचं उत्तर आधी आणि जरा सविस्तर देतो.

प्रश्न : मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला दोन तास आधी जाऊन स्टेजसमोरच्या कठड्याला चिकटून उभा राहिलो. ड्रम्स आणि गिटारनी छाती हादरली, पण गायकाचा एक शब्द कळला नाही. मागे बसलेल्या मित्राला मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं. असं का? (सांगली)

मित्राने जागा बरोबर धरली. स्टेजकडून तुमच्याकडे दोन वाटांनी आवाज येतो. ड्रम्स आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या जोरावर थेट समोर येऊन आदळतात. गायकाचा गळा त्यांच्यापुढे टिकत नाही. तो ऐकू येतो फक्त मोठ्या स्पीकरांमधून, आणि ते स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर, माळेसारखे एकाखाली एक टांगलेले असतात. त्यांची तोंडं असतात मागच्या गर्दीकडे. कठड्याशी उभे राहिलात की तुम्ही त्या झोताच्या खाली येता. त्यात सबवूफर, म्हणजे फक्त खालचे घुमणारे सूर (बास) वाजवणारे स्पीकर, जमिनीवर, तुमच्या पुढ्यातच मांडलेले. म्हणजे बास पोटात, गिटार कानात आणि शब्द डोक्यावरून. चांगले आयोजक पुढच्या रांगांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात. आत शिरल्यावर आधी ते शोधा. दिसले तर खुशाल पुढे जा.

मैदानातली सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्राच्या, तंबूच्या आसपास. हा तंबू बहुधा गर्दीच्या मधोमध असतो, आणि आतला साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच सगळ्या मैदानाला ऐकवत असतो. मात्र अगदी मध्यरेषेवर उभं राहू नका. दोन्हीकडच्या सबवूफरचा आवाज तिथे एकाच वेळी पोचतो आणि बास फुगतो. चार पावलं बाजूला सरकलात तरी फरक कळतो. फार मागे गेलात तर दुसरीच गंमत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे 100 मीटरवर ड्रमरची काठी आधी पडताना दिसते आणि ठोका जवळपास पाव-एक सेकंदाने ऐकू येतो. मोठ्या मैदानात मध्ये वेगळे मनोरे उभारून त्यांवरच्या स्पीकरांना मुद्दाम तेवढा उशीर दिलेला असतो. तसा मनोरा असेल तर त्याच्या थोडं मागे उभे राहा.

क्लबात गणित बदलतं. छत बुटकं, खोली लहान, आणि ड्रम्सचा नुसता मूळ आवाजच खोली भरून टाकतो. मागची भिंत आणि कोपरे टाळा, बास तिथे साचतो. वर पोटमाळा असेल तर त्याच्या खालीही जाऊ नका, झांजांची धार बोथट होते. खोलीच्या मध्याच्या थोडं मागे, भिंतीपासून दोन-तीन मीटर सुटून उभं राहिलेलं उत्तम.

आणि पहिल्या गाण्यावरून बँडला नावं ठेवू नका. महोत्सवात दोन बँडांच्या मध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात प्रत्येक माइक आणि वायर चालू आहे की नाही एवढंच तपासून होतं. खरा तोल इंजिनिअर पहिल्या गाण्यातच साधतो. शिवाय दुपारी रिकाम्या जागेत लावलेला आवाज माणसं भरली की बदलतो, कारण अंगं आणि कपडे वरचे सूर पिऊन टाकतात. तिसऱ्या गाण्यालाही शब्द सापडत नसतील, तर मात्र तक्रार रास्त आहे.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत कानात शिट्टी वाजते. कापूस घातला तर चालेल का? (नागपूर)

नाही. कापसाने आवाज नाममात्र कमी होतो, आणि कान झाकल्याच्या समाधानात माणूस स्पीकरच्या आणखी जवळ सरकतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा अशी : 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. रॉकच्या कार्यक्रमात 100 ही काही नवलाची पातळी नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे स्वस्त आणि भरवशाचे असतात, पण बहुतेकजण ते चुकीचे घालतात. हात स्वच्छ करा. बोळा चिमटीत फिरवून बारीक, सुरकुती नसलेली वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. समोरून पाहणाऱ्याला बोळा ठळक दिसत असेल तर तो आत गेलेलाच नाही. फोमची एक खोट आहे : तो वरचे सूर जास्त कापतो, त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वर्षाला पाच-सहा कार्यक्रम पाहत असाल तर वादकांसाठीचे, आत फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग घ्या. ते सगळेच सूर साधारण सारखे खाली आणतात. लहान मुलांना कानांवरून बसणारे मफच घाला.

शिट्टी चोवीस तासांनंतरही राहिली, किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : मैदानावरचे कार्यक्रम दहाच्या ठोक्याला का थांबवतात? क्लबात तर मध्यरात्रीपर्यंत चालू असतं. (ठाणे)

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला यातून सूट आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, आणि त्या दिवसांवर डोळा ठेवून असणारे पुष्कळ. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या मैफली याच नियमापायी गेल्या, तिथे रॉकवाल्यांची काय कथा! रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन, जिथे 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव वर्षानुवर्षं रंगला, ते मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना मुकलं ते यामुळेच.

तुमच्या कामाची गोष्ट एवढीच : मुख्य बँड साडेआठच्या सुमारास सुरू होतो असं धरून चाला. संध्याकाळच्या वाहतुकीत अडकून साडेनऊला पोचलात, तर तिकिटाचे पैसे स्वच्छतागृहाच्या रांगेतच फिटतील.

प्रश्न : पुढच्या गर्दीत ढकलाढकली सुरू झाली की भीती वाटते. काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

उड्या मारणाऱ्यांच्या रिंगणाला घाबरू नका. तिथला अलिखित नियम पक्का असतो : कोणी पडला की त्याला आधी उचलायचं. बुटांची नाडी दुहेरी गाठ मारून बांधा, पाठीवरची पिशवी ठेवू नका, चष्म्याला दोरी लावा.

खरा धोका नाचण्यात नाही, दाटीत आहे. चारी बाजूंनी अंगं टेकली आणि पाय तुमच्या मर्जीने हलेनासे झाले की निघायची वेळ झाली. हात छातीसमोर आडवे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेला मोबाइल घ्यायला वाकू नका. गर्दीच्या लाटेच्या उलट रेटा देऊ नका. लाट ओसरताच तिरकं, मागच्या बाजूला सरका, असं दर ओसरीला थोडं थोडं. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ‘पर्ल जॅम’ बँडच्या कार्यक्रमात पुढच्या गर्दीत नऊजणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे स्टेजसमोर वेगळे कप्पे करून मोजकीच माणसं सोडू लागले. असे कप्पे नसलेल्या मैदानात बाहेर पडायच्या वाटेजवळची कड धरा.

प्रश्न : अरुणाचलच्या झिरो महोत्सवाला पहिल्यांदाच जातो आहोत. तंबूत राहणार. तयारी काय करावी? (कोल्हापूर)

आधी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना. अरुणाचलबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला ते लागतं आणि ऑनलाइन मिळतं. अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळायला हवं. कागदाच्या दोन प्रती आणि मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा. गुवाहाटीपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने, तिथून रात्रीच्या गाडीने नाहरलगून, आणि पुढे साधारण 100 किलोमीटर डोंगरी रस्ता शेअर सुमोने. तेवढ्याला चार-पाच तास लागतात. दरड कोसळली तर किती, ते सांगता येत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

महोत्सव 2012 पासून सप्टेंबरच्या अखेरीस होतो. आपल्याकडे तेव्हा पाऊस ओसरू लागलेला असतो, त्यावर विसंबून जाणारे फसतात. तिथे चिखल गृहीत धरा : गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट, मोज्यांचे चार जोड, रात्रीसाठी जाड जाकीट. तंबूखालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. खळग्यात तंबू ठोकू नका, गवत कितीही मऊ असलं तरी. मोबाइलची रेंज आणि एटीएम दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा रोकड न्या.

दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन स्टेज असतात, स्थानिक कारागिरांनी बांबूत बांधलेली. दिवसाचं चुकवू नका, अनोळखी बँड तिथेच सापडतात. भोवतालची शेतं आपातानी लोकांची. भातातच ते मासे वाढवतात, त्यामुळे फोटोसाठी बांध तुडवणं म्हणजे दोन पिकांचं नुकसान. अपाँग ही तांदळाची बिअर चवीला सौम्य लागते, परिणामाला नाही.

प्रश्न : मोबाइलवर रेकॉर्डिंग फाटकं का येतं? (रत्नागिरी)

मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. बासचा ठोका आला की सगळंच दाबतो, मग पुन्हा उचलतो. पातळी हाताने ठरवता येणारं अ‍ॅप घ्या आणि सगळ्यात मोठ्या ठोक्यालाही पट्टी लाल होणार नाही इतकी ती खाली आणा. मिक्सरजवळ उभे राहा, मोबाइलखालचं माइकचं भोक बोटाने झाकू नका. प्रकाशासाठी पडद्यावर गायकाच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेड स्थिर करा आणि थोडा कमी करा, म्हणजे चेहरा पांढराफटक पडत नाही. हात छातीच्या उंचीवर. तिथून स्टेज दिसत नसेल, तर मागच्यालाही तुमच्या मोबाइलशिवाय काही दिसत नसतं.