एक्झेक्वाटुर म्हणजे सनद नव्हे

विचारणा अशी: कॉन्सुल आणि राजदूत एकच का? आणि कॉन्सुलला काम करू देण्यासाठी यजमान देशाकडून, म्हणजे तो जिथे काम करणार त्या देशाकडून, मिळणाऱ्या परवानगीला, 'एक्झेक्वाटुर'ला, मराठीत सनद म्हणावं का?

एकच नाहीत. राजदूत आपल्या राज्याच्या वतीने दुसऱ्या राज्याशी बोलतो. कॉन्सुल व्हिसा, पासपोर्ट, व्यापार, परक्या मुलखात अडकलेले आपले नागरिक यांचं पाहतो. म्हणून तो वाणिज्यदूत. तरीही 'महावाणिज्यदूतांनी राष्ट्रप्रमुखांना परिचयपत्र सादर केलं' अशी वाक्यं कानावर येतातच, आणि दर वेळी डोकं उठतं. परिचयपत्र राजदूताचं! कॉन्सुल आणतो ते नेमणूकपत्र.

सनद म्हणायचीच तर या नेमणूकपत्राला म्हणा, कारण ते पाठवणारा देश देतो. एक्झेक्वाटुर देतो यजमान देश. कॉन्सुलांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात हे दोन्ही वेगवेगळे आहेत, आणि कलम १२ प्रमाणे यजमानाने नकार दिला तर कारण सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. दोन्हींना सनद म्हणणारे अनुवादक हा सगळा फरकच पुसून टाकतात.

आता खरी गंमत. 'एक्झेक्वाटुर' हे लॅटिनमध्ये नाम नाहीच, ते अख्खं क्रियापद आहे: 'त्याने पार पाडावे'. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात कॉन्सुलच्या नेमणूकपत्रावरच हा शब्द लिहून बादशाही शिक्का उठवत. हे वाचलं आणि मला मराठेशाहीतल्या पत्रांच्या शेवटचा शिक्का आठवला: 'मोर्तब सुद'. मूळ फारसी 'मुरत्तब शुद', म्हणजे 'सिद्ध झाले'. शिक्क्यावरचं वाक्यच शिक्क्याचं नाव झालं. पुढे 'सुद' गळलं आणि 'शिक्कामोर्तब' उरलं. एक्झेक्वाटुरचंही तसंच, कागदावर लिहिलेलं क्रियापदच परवानगीचं नाव होऊन बसलं. म्हणून माझा आग्रह आहे, एक्झेक्वाटुरला 'मोर्तब' म्हणा.

एक्झेक्वाटुरला 'अनुज्ञापत्र' म्हणणारे यावर म्हणतात, मोर्तब पत्र धाडणाराच करी, ते परक्याचं कसं? त्यांनी आजची मराठी ऐकावी. समितीने ठरवलं, मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं, असंच आपण रोज बोलतो ना? निर्णय एकाचा, मोर्तब दुसऱ्याचं. कॉन्सुलचंही तेच. शिवाय एक्झेक्वाटुरसाठी वेगळं पत्र असलंच पाहिजे असंही नाही, मग 'पत्र' कशाला चिकटवायचं? 'नेमणुकीवर यजमान देशाचं मोर्तब झालं' हे वाक्य कुणालाही कळतं. आणि कॉन्सुल नकोसा झाला, तर 'मोर्तब काढून घेतलं'.