चढावर टर्बो उडतो, काय करू?

प्रश्न: दादा, बीमएनजी ड्राइव्ह या गाड्यांच्या गेममध्ये गाडीला मोठा टर्बो लावलाय, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) फुल. पण लांब चढ लागला की टर्बो तापून उडतो आणि मग गाडीत दमच राहत नाही. बूस्ट कमी न करता काही होईल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: भिया, थोडा बूस्ट सोडावाच लागेल. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर, पेट्रोल गाडीत तो धूर 900 डिग्रीच्याही वर जातो आणि आतली चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतात, म्हणजे तू चढभर ॲक्सिलेटर दाबून धरलास की उष्णता साठतच जाणार, निघायला वेळच नाही. ट्यूनिंगमध्ये वेस्टगेटचा, म्हणजे जादा धूर टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेचा, स्लायडर मिळत असेल तर आधी तो खाली आण, थोडाच, मग तोच चढ परत चढून बघ. स्क्रीनवर इंजिनाचं तापमान दाखवणारं ॲप लावून ठेव, नुसत्या अंदाजाने काही कळत नाही. रेडिएटर मोठा टाक. इंटरकूलरही चांगलाच, पण तो आत जाणारी हवा थंड करतो, टर्बो नाही, हे बरेच जण विसरतात.

आणि गिअर! भेरूघाटात लोडेड ट्रकवाले बघ, खालच्या गिअरमध्ये निवांत चढतात. तूही एक गिअर खाली घे, ॲक्सिलेटर अर्धा ठेव, बूस्ट आपोआप उतरतो. खरी टर्बो गाडी घाट चढून थांबवलीस तर लगेच बंद करू नको, मिनिटभर आयडलवर राहू दे, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल जळतं.