घरदुरुस्ती, तुमचे प्रश्न : दाराच्या हँडलची सळई

प्रश्न : बेडरूमच्या दाराचं हँडल लोंबायला लागलं म्हणून दुसऱ्या कंपनीची नवी जोडी आणून बसवली. कुलूप जुनंच आहे. नवं हँडलही ढिलंच राहिलं, टोक दीड-दोन सेंटिमीटर खाली झुकतं. दुकानदार म्हणतो माल बरोबर आहे, सुतार म्हणतो कुलूपच बदला. नेमकं काय करावं?
– एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : कुलूप बदलण्याआधी स्पिंडल मोजा. कुलपातून आरपार जाऊन दोन्ही हँडलांना जोडणारी चौकोनी सळई म्हणजे स्पिंडल. आपल्याकडच्या मॉर्टाईज (दाराच्या कडेत खाच पाडून आत बसवलेल्या) कुलपांत ती बहुतेक वेळा 8 मि.मी.ची असते, पण काही जोड्यांसोबत 7 मि.मी.चीही येते. डोळ्यांना हा फरक कळत नाही. दारात मात्र तो लगेच जाणवतो : 8 मि.मी.च्या भोकात 7 मि.मी.ची सळई दोन्ही बाजूंना जवळजवळ 9 अंश मोकळी फिरते. हँडल 12 सेंटिमीटर लांब असेल तर तेवढ्यानेच टोक पावणेदोन-दोन सेंटिमीटर झुकतं. तुम्ही लिहिलेलं माप याच्याशी इतकं जुळतं, की पहिला संशय सळईवरच घ्यायला हवा.

मोजताना सळईच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर घ्या, कोपरा ते कोपरा नाही. 8 मि.मी.ची सळई कोपऱ्यांवर 11.3 भरते आणि 7 ची 9.9. ‘दहाची द्या’ असं सांगून माणसं चुकीचा माल घरी आणतात ती यामुळेच. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी सळईवर गंजाचा थर चढतो, तो पॉलिश पेपरने काढून मगच मापा, नाहीतर आकडा फुगतो.

कुलपाचं भोक तपासायला साधी युक्ती आहे. 8 मि.मी.च्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा भोकात घाला. तो अलगद आणि घट्ट गेला तर भोक 8 चं आहे. 7 च्या भोकात तो शिरणारच नाही. शिरला पण डुगडुगला, तर भोक झिजलंय.

आता ढिलेपणा नेमका कुठे आहे ते शोधा. दोन्ही हँडलं काढून नुसती सळई कुलपात घाला आणि हलवा. मग तीच सळई हातातल्या हँडलमध्ये घालून हलवा. हँडलमध्ये घट्ट आणि कुलपात ढिली असेल, तर 7 वरून 8 करणारी धातूची स्लीव्ह मिळते, ती सळईवर चढवा. स्लीव्ह कुलपाच्या जाडीएवढीच ठेवा. हँडलच्या खोबणीत ती शिरता कामा नये. दोन्हीकडे ढिली असेल तर 8 ची सळई घ्या. 8 ची नवी सळईसुद्धा कुलपात डुगडुगली, तरच सुताराचं म्हणणं खरं. पत्र्याची पट्टी किंवा टेप गुंडाळून काम भागवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत ती दबते किंवा सरकून कुलपात अडकते.

दोन गोष्टी आणखी. कुलपातली सळई पकडीने फिरवून सोडल्यावर लॅच, म्हणजे दाराच्या कडेतून बाहेर येणारी कुलपाची जीभ, स्वतःहून बाहेर यायला हवा. येत नसेल तर कुलपाची स्प्रिंग गेली आहे आणि सळई बदलून उपयोग नाही. आणि हँडलच्या मानेखालचा ग्रब स्क्रू (सळईला धरून ठेवणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू) सळईच्या सपाट बाजूवर टेकला पाहिजे, कोपऱ्यावर नाही. एम 6 स्क्रूला 3 मि.मी.ची ॲलन की लागते, एम 5 ला अडीचची.

लांबीसाठी कुलपासकट पल्ल्याची जाडी घ्या, त्यात दोन्ही हँडलांच्या खोबणीची खोली मिळवा आणि 2-3 मि.मी. वजा करा. सळई लांब राहिली तर हँडलांच्या पट्ट्या दाराला टेकत नाहीत. आखूड पडली तर ग्रब स्क्रूला धरायला काही उरत नाही. लांब असेल तर हॅकसॉने कापून कानशीने कडा मारून घ्या. हे सगळं करताना दार उघडंच ठेवा आणि लॅचवर टेप लावा. हँडल नसताना वाऱ्याने दार बंद झालं, तर आतला माणूस आतच अडकतो.

प्रश्न : बाथरूमला गोल नॉबचं कुलूप आहे. त्यात दांडीचं हँडल लावायला कोणती सळई आणू?
– एक वाचक, कोलशेत रोड, ठाणे

उत्तर : सळई आणू नका. या कुलपात सुटी चौकोनी सळई नसतेच. नॉबला जोडलेली पोकळ नळी किंवा चपटी पट्टी लॅच ओढते. पल्ल्यावर साधारण 54 मि.मी.चं मोठं भोक असतं, त्यावर मॉर्टाईज हँडलची पट्टी बसत नाही. त्याच भोकात बसणारा, दांडीच्या हँडलचा ट्यूब्युलर सेट मागा आणि दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर सांगा. ते बहुधा 60 किंवा 70 मि.मी. असतं. जुना नॉब काढायला मानेवरच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून नॉब ओढा.

प्रश्न : मुख्य दाराच्या जुन्या हँडलची सळई मधोमध जोडलेली असून दोन्ही अर्धे वेगवेगळे फिरतात. दुकानदार अखंड सळई घालायला सांगतो. चालेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. ती मोडलेली नाही, ती दोन भागांचीच आहे. अशा कुलपाचं चौकोनी भोकही आतून दोन स्वतंत्र भागांत असतं. आतलं हँडल लॅच ओढतं, बाहेरचं ओढत नाही. अखंड सळई घातलीत की दोन्ही भाग एकत्र बांधले जातात आणि जे दार नुसतं ओढून घेतलं की बाहेरून उघडत नव्हतं, ते कोणीही बाहेरून हँडल दाबून उघडेल. दोन भागांचीच सळई आणा. बसवताना तिचा जोड पल्ल्याच्या नव्हे, कुलपाच्या मध्यावर यायला हवा. बाहेरून जाड लॅमिनेट किंवा सनमायका लावलेल्या दारात हे दोन मध्य वेगळे पडतात. म्हणून मोजपट्टी घालून दोन्ही बाजूंनी कुलपापर्यंतची खोली मोजा आणि गरज पडल्यास सळईचा एकच अर्धा कापा. जोड काही मिलिमीटर सरकला तरी एक अर्धा दोन्ही भागांना धरतो, आणि मग अखंड सळई घातल्यासारखंच बाहेरून दार उघडतं.