वाचकांचे प्रश्न : रानात सापडलेले हिरवे नाणे

प्रश्न : तेरजवळच्या आमच्या रानात पाळी घालताना एक हिरवट नाणे वर आले. एका बाजूला डोके, दुसरीकडे भाले धरलेली दोन माणसे. सातवाहनांचे असेल का? चिंच-मीठ लावून उजळावे का? (एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : चिंच अजिबात लावू नका! तांब्याच्या घागरीला ती ठीक. नाण्यावरचा चेहरा आणि अक्षरे त्या घट्ट हिरव्या थरातच टिकलेली असतात. आम्लाने थर गेला की खड्डे पडलेला कोरा तुकडा उरतो. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच काढा. काळी माती चिवट असते, आठवडा लागला तरी लागू द्या. फिकट हिरवी भुकटी पुसूनही पुन्हा येत असेल, तर धातूतली क्लोराइडे दमट हवेत आम्ल तयार करून नाणे खात आहेत. असे नाणे पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा.

सातवाहन नाण्यांवर बहुधा सोंड उचललेला हत्ती, उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चारही टोकांना वर्तुळे) आणि ब्राह्मी अक्षरे दिसतात. तुमचे वर्णन रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याच्या ब्राँझ नाण्याशी जास्त जुळते: समोरासमोर दोन सैनिक, मध्ये निशाण, कडेने लॅटिनमध्ये ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे सैन्याचे वैभव. निशाणे दोन असतील तर नाणे इ.स. 330 नंतरचे, एकच असेल तर साधारण 335 नंतरचे. व्यास 15 ते 18 मि.मी., वजन दीड-अडीच ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. मग तिरप्या उजेडात, दहापट भिंगातून सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली पाहा. तिथे टाकसाळीची खूण असते: ‘एस-एम-ए-एन’ म्हणजे अँटिओक, ‘एस-एम-ए-एल’ म्हणजे अलेक्झांड्रिया.

तेर आणि पैठणचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक ग्रंथात आहे खरा, पण तो ग्रंथ पहिल्या शतकातला आणि हे नाणे चौथ्या. दोन्हींची सांगड घालू नका. नाणे नेमके कुठे, किती खोलीवर मिळाले ते आजच लिहून ठेवा. जागा माहीत नसलेल्या नाण्याचे मोल अभ्यासकाला निम्मेही राहत नाही. निखात निधी कायद्यानुसार (1878) दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

प्रश्न : लांडगीण दोन बाळांना पाजते आहे, असे नाणे कोणत्या राजाचे?

उत्तर : तेही याच काळातले. बाळे म्हणजे रोम वसवणारे दंतकथेतले जुळे भाऊ, रोम्युलस आणि रीमस. पुढच्या बाजूला राजा नसतोच. शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीच्या रूपात रोम नगरी असते.