कात्रणं विषयवार लावण्याआधी

प्रिय मित्रा,

एका माणसाने जमवलेल्या वर्तमानपत्री कात्रणांच्या पेट्या उघडून त्यांचे विषयवार गठ्ठे करायला घेणार आहेस, असं लिहिलंस. कृपा करून थांब. प्रत्येक कात्रण कोणत्या पाकिटात, वहीत किंवा पत्राच्या घडीत होतं ते आधी टिपून ठेव, फोटो काढ. छापलेली बातमी एखाद्या ग्रंथालयात सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) पुन्हा सापडेलही. पण ती जमवणाऱ्याने का कापली, कशाच्या शेजारी ठेवली, कुठे अधोरेखित केली, हे फक्त या पेट्यांतच आहे. विषयसूची नंतर कधीही करता येते. मोडलेला क्रम पुन्हा लावता येत नाही.

कात्रीने बहुधा वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांकच उडालेले असतात. अशा वेळी कात्रण उलटून बघ. मागच्या अर्धवट जाहिरातीत सभेची किंवा नाटकाच्या प्रयोगाची तारीख मिळते. बातमीतलं ‘काल’, ‘येत्या रविवारी’ हेही उपयोगी पडतं. समासात हाताने लिहिलेली तारीख मात्र डोळे झाकून घेऊ नकोस. ती कापल्याच्या दिवसाची असू शकते. तर्काने ठरवलेलं सगळं चौकटी कंसात लिही: [१९६२?]. छापलेलं कोणतं आणि तुझं अनुमान कोणतं, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

प्रत्येक कात्रणाची वेगळी नोंद करत बसलास तर काम कधीच संपणार नाही. पाकिटागणिक एक वर्णन पुरे: ‘पाणीपुरवठा, १९५८–६३, सुमारे ४० कात्रणं, काहींवर लाल पेन्सिलीच्या खुणा.’ स्वतंत्र नोंद फक्त हस्ताक्षर किंवा खुणा असलेल्यांची कर.

जपणुकीचंही सांगतो. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्यातलं आम्ल शेजारच्या पत्रांवर, फोटोंवर डाग पाडतं. म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाल. टाचण्या, रबरबँड हलक्या हाताने काढ. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको; लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. क्रमांक पेन्सिलीने पाकिटावर घाल, कात्रणावर नाही. स्कॅन किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके), रंगीत, आणि मागच्या बाजूवर काही असेल तर तिचाही.

पहिल्या पाकिटाचं वर्णन झालं की मला पाठव. एखादी तारीख अडली तर कात्रणाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोड, आपण मिळून बघू.

तुझा,
एक जुना संग्रहपाल