मुलांचे हक्क सरकार प्रत्यक्षात कसे आणू शकतं?

तुमचा प्रश्न असा की भारताने 1992 सालीच युनोचा बालहक्क करार मान्य केलाय, मग सरकारने आता अजून कायदे करायचे की आहेत तेच राबवायचे. मी गोव्यात फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते, जे रोज समोर दिसतं त्यावरून सांगते. माझ्या मते कायदे बऱ्यापैकी झालेत, आता प्रत्येक हक्कापुढे तो कोणी द्यायचा आणि कुठल्या पैशातून, हे लिहिलेलं पाहिजे.

गोव्याचंच बघा. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स पकडला गेला, अनाथ मुलांना आसरा देतो म्हणून घर चालवायचा आणि त्याच मुलांचं लैंगिक शोषण करायचा, 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे 2003 मध्ये गोवा बाल कायदा आला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा देशभराचा कायदा, पॉक्सो, त्याच्या 9 वर्षं आधी. गोव्याच्या कायद्यात मला आवडतं ते हे की मुलांचं रक्षण करावं असं मोघम लिहून सोडलेलं नाही, हॉटेलवाल्याला थेट सांगितलंय की मूल घरच्यांसोबत किंवा नातेवाइकांसोबत नोंदलेलं नसेल तर त्याला खोलीत जाऊ द्यायचं नाही, फोटो डेव्हलप करणाऱ्याला मुलांचे अश्लील फोटो दिसले तर त्याने पोलिसांना कळवायचं. मुलांसाठी वेगळं कोर्टही आहे. कोणी काय करायचं ते स्पष्ट असलं की नाही केलं तर जाब विचारता येतो.

आता उलटं उदाहरण, आणि हे मला जास्त टोचतं. गोव्यात जिथे बघाल तिथे बांधकाम चाललंय, कामगार बहुतेक बाहेरच्या राज्यातले, बायका-पोरांसकट साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतात. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण कधी, तर 50 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तेव्हा! नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्यांतही 50 ची अट आहेच, फक्त आता बायकाच नाही तर सगळे कामगार मोजतात. गावातल्या चार मजली बिल्डिंगवर एवढी माणसं कुठून असणार? मग लहान पोरं वाळूच्या ढिगावर खेळतात आणि नऊ-दहा वर्षांची बहीण त्यांना सांभाळत बसते, शाळेत येतच नाही, म्हणजे एक पाळणाघर नाही म्हणून दोघांचंही बालपण जातं. बरं पैसा नाही असंही नाही, बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस, म्हणजे खास कर, सरकार कामगारांच्या कल्याणासाठी घेतंच. बांधकामाचं लायसन्स पंचायत देते, त्याच वेळी विचारा ना की कामगारांची मुलं किती येणार आणि दिवसभर कुठे असणार, 50 ची अट सरळ काढून टाका, तीन-चार साइट मिळून एक पाळणाघर सेसच्या पैशातून चालवा, आणि ते चालतंय की नाही हे बघायची जबाबदारी एका पंचावर नावानिशी टाका.

प्रवेशाचंही तेच. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यात सरळ लिहिलंय की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि टीसीला उशीर झाला म्हणूनही नाही, तरी एका शाळेने आमच्या वाड्यावरच्या कानडी बोलणाऱ्या मुलीला जन्मदाखल्यासाठी परत पाठवलं. तिच्या आईला घेऊन मी स्वतः गेले, कायद्याचं कलम दाखवलं, भागशिक्षणाधिकाऱ्यांना फोन लावला तेव्हा कुठे नाव घातलं. ज्या आईला मराठी-कोंकणी दोन्ही येत नाही ती एकटी काय करणार होती? हे काम सरकारच्या माणसाने साइटवर जाऊन करायला हवं, जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर पावसाळा संपून कामगार परत येतात तेव्हा पुन्हा एकदा.

आणि एक गोष्ट जिला पैसाही फार लागत नाही, मुलांना विचारणं. बालहक्क करारातलं 12 वं कलम हेच सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत त्याचं म्हणणं ऐकून घ्या. आम्ही चौथीच्या मुलींना विचारलं की शाळेत काय बदलू, तर पहिलं उत्तर आलं टॉयलेटच्या दाराला आतून कडी नाही, त्यामुळे त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. तपासणीच्या फॉर्मवर टॉयलेट आहे अशी टिक झालेली, ती खोटी नव्हतीच. त्या फॉर्ममध्ये मुलांशी बोलून भरायचा एक रकाना शिक्षण खात्याने उद्या जरी घातला तरी अशा कितीतरी कड्या लागतील.