भाकर का, आणि आजचीच का?

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

तू फोनवर विचारलंस, "आई, प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणतो. इथे रोज भाकरी कोण खातं? आणि फ्रीजमध्ये आठवड्याचं जेवण असताना आजच्यापुरतंच का मागायचं? मला तर पुढच्या वर्षाची भीती वाटते." तुझ्या वर्गातल्या मुलींच्या ठरलेल्या नोकऱ्या ऐन वेळी मागे घेतल्या गेल्या, तुझ्या व्हिसाची मुदत जवळ येते आहे, म्हणून हा प्रश्न नुसता शब्दाचा नाही हे मला कळलं. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा तो नव्हताच. हे पत्र शनिवारी सावकाश वाच, शक्य तर परात समोर घेऊन.

आधी शब्द. येशूने शिकवलेली ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे मूळ ग्रीक शब्द ‘आर्तोस’, म्हणजे पाव किंवा भाकर, असा आहे. ज्या मुलखात जे रोज पोटाला लागतं त्याचं नाव त्या मुलखाने त्या जागी घातलं, आणि मराठीत ती भाकर झाली. हा शब्द मला फार नेमका वाटतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू ज्याच्या शिदोरीतून हजारोंना जेवू घालतो, त्या मुलाजवळ ‘जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या’ होत्या. जव हे गरिबाचं धान्य. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, दुष्काळाचा भाव दिला आहे: एका नाण्याला जेवढा गहू, त्याच नाण्याला त्याच्या तिप्पट जव. म्हणजे येशूच्या मुलखातल्या, गालीलातल्या कष्टकऱ्याची भाकर आपल्या ज्वारी-बाजरीच्या अंगाची होती, दुकानातल्या मऊ पांढऱ्या पावाच्या अंगाची नव्हती.

शिवाय मराठीत भाकर म्हणजे एक पदार्थ नाही, अख्खं जेवण. पाहुण्याला "आमची मीठ-भाकर गोड मानून घ्या" म्हणतात तेव्हा ताटात पुरणपोळीसुद्धा असू शकते. आणि भाकरी कोणी सुरीने कापत नाही, मोडतो. शास्त्रातही ‘भाकर मोडणे’ असंच आहे. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब तेच शब्द वाचतात. मोडलेली भाकर आपोआप दोघांची होते. येशूचं जन्मगाव बेथलेहेम, त्या नावाचा हिब्रूत अर्थही भाकरीचं घर असाच होतो.

आता ‘आज’कडे येते, पण त्याची वाट परातीतून जाते, म्हणून दोन भाकऱ्या करूनच बघ.

दोन मध्यम भाकऱ्यांना वाटीभर ज्वारीचं पीठ पुरतं. तुला तिकडे मिळणारं पाकिटातलं पीठ दळून महिने झालेले असतात, त्याची विरी गेलेली असते. म्हणजे पिठात चिकटपणा उरत नाही, आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतंच, त्यामुळे तिला बांधून ठेवायचं काम पाण्याची उष्णता करते: उकळत्या पाण्याने पिठातला थोडा स्टार्च शिजतो आणि चिकट होतो. म्हणून पाऊण वाटी पाणी खळखळ उकळ, पिठावर ओत, उलथन्याने कालव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. मीठ घालायचं नाही. मग हाताला सोसेल इतकं कोमट झालं की तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबून, पुढे रेटून चार-पाच मिनिटं मळ. लागलं तर पाण्याचा हात लाव. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नकोस. एका भाकरीपुरता गोळा घे, तो गुळगुळीत होईपर्यंत मळ आणि लगेच थाप. ठेवलेला गोळा सुकतो आणि पुन्हा फाटायला लागतो.

परातीत कोरडं पीठ भुरभुरव, गोळा त्यावर ठेव, बोटांनी कडेकडेने थापत भाकरी फिरती ठेव. मध्ये पातळ आणि कडेला जाड राहिली तर मध्ये करपते आणि कडा कच्च्या राहतात. तवा चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब पडताच उडाला पाहिजे. भाकरी उचलून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ दे, आणि लगेच त्या बाजूवर ओल्या हाताने पाणी फिरव. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी उशिरा लावलं तर वरचं पीठ सुकून भेगा पडतात, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबलं तरी भेगाच पडतात. वरचं पाणी आटत आलं, पण ओल अजून दिसते आहे, तेव्हा उलट. ही दुसरी बाजू नीट भाजू दे. मग गॅस असेल तर थेट आचेवर, विजेची शेगडी असेल तर तव्यावरच पुन्हा उलटून घडी केलेल्या फडक्याने कडा दाबत. आतली वाफ दोन पापुद्र्यांमध्ये कोंडते आणि भाकरी फुगते. भेग पडलेली असली तर वाफ तिथून निसटते, भाकरी फुगत नाही, पण खायला उत्तम लागते, टाकू नकोस.

गरम असताना ही भाकरी मऊ असते. तीच सकाळी कडक होते. बाजरीचं तर पीठसुद्धा टिकत नाही: बाजरीत स्निग्धांश जास्त, तो खवट होतो आणि पीठ कडू लागतं. म्हणून गावाकडे बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणतात. कणगीत धान्य वर्षाचं, डब्यात पीठ आठवड्याचं, टोपलीत भाकरी आजची. विश्वासाने जगणं म्हणजे मला नेमकं हेच दिसतं. साठा करायचा की नाही हा प्रश्न नाही. कुठली वस्तू किती दिवसांसाठी आहे, हे ओळखायचं.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात अरण्यात इस्राएली लोकांसाठी आकाशातून रोज मान्ना नावाचं अन्न पडतं. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. हा भाग ऐकून काही जण म्हणतात, बचत म्हणजे अविश्वास. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं आहे, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, आणि तो मान्ना नासत नाही. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला. आणि त्या पाच भाकरींनंतर येशूनेच शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. तेव्हा तीन-चार महिन्यांचं भाडं बाजूला ठेवते आहेस ते चांगलंच करते आहेस. ती कणगी आहे. मान्न्यासारखी नासते ती उद्याची काळजी. ती आज गोळा करून ठेवली तर रात्रीतून तिला किडे पडतात.

‘रोजची’ या शब्दामागचा ग्रीक शब्दही पाहण्यासारखा आहे: ‘एपिऊसिओस’. तो प्रभूच्या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही, त्यामुळे अर्थाबद्दल पहिल्या शतकांपासून चर्चा आहे. आजच्या दिवसाची, जगायला पुरेशी, येणाऱ्या दिवसाची, असे तिन्ही अर्थ अभ्यासक मांडतात. यातला तिसरा मला तुझ्यासाठी महत्त्वाचा वाटतो. उद्याची भाकर मागायलाही या प्रार्थनेत जागा आहे, फक्त ती मागायची आज.

मराठीत ही प्रार्थना म्हणताना दोन गोष्टी कानाला लागतात, त्या इंग्रजीत हरवतात. एक, देवाला आपण ‘तू’ म्हणतो. पाळकसाहेबांना, शिक्षकांना ‘तुम्ही’, पण आईला आणि देवाला ‘तू’. भीती वाटते तेव्हा औपचारिक शब्द शोधत बसायची गरज नाही. दुसरं, मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आम्ही’ म्हटलं की समोर ऐकणारा त्यात नसतो. ‘आमची भाकर आम्हांला दे’ म्हणताना देव देणारा राहतो, आणि मागणाऱ्यांच्या रांगेत तू एकटी नसतेस. तुझ्याबरोबर ती नोकरी गेलेली मैत्रीण आहे, ज्यांना तू नावानेही ओळखत नाहीस ती माणसंसुद्धा आहेत. ‘माझी भाकर मला दे’ अशी ओळ या प्रार्थनेत नाहीच.

पंडिता रमाबाईंचं केडगाव, पुणे जिल्ह्यातलं निराधार बायकांचं आश्रयस्थान, याच संदर्भात आठवतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून त्यांनी उपाशी मुली-बायका आणल्या. त्याच केडगावात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवलं; 1922 मध्ये त्या वारल्या आणि भाषांतर 1924 मध्ये छापून निघालं. अक्षरं जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या तिथल्याच बायका होत्या. त्यांना ‘आज’ या शब्दाची टीप द्यावी लागली नसेल.

आता रोजचं. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना घरी असते तीच घडी तू एकटीनेही ठेवू शकतेस: एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एकच गीत आठवडाभर म्हण, म्हणजे पाठ होईल. वाचायला सध्या बायबलमधली स्तोत्रं घे, क्रमांक 23, 46, 121, एका दिवशी एकच. प्रार्थनेआधी कागदावर मध्ये रेघ मार. डावीकडे ‘आज’, उजवीकडे ‘उद्या’. उद्याच्या बाजूला व्हिसाचा अर्ज, मुलाखतीची वाट, जे असेल ते तारखेसह लिही. लिहिलं की ते विसरण्याची भीती राहत नाही, आणि म्हणूनच ते बाजूला ठेवता येतं. आजच्या बाजूला जास्तीत जास्त तीन ओळी: आज काय लागणार आहे, आज काय मिळालं, आज दुसऱ्या कोणासाठी मागायचं. त्या तीन ओळींची प्रार्थना कर. उजव्या बाजूची तारीख येईल त्या दिवशी ती ओळ डावीकडे आण.

यात बिघडतं ते असं. प्रार्थना वीस-पंचवीस मिनिटं लांबली की बहुतेक वेळा तिची काळजीच झालेली असते, फक्त डोळे मिटून केलेली. तसं जाणवलं तर थांब, प्रभूची प्रार्थना म्हण आणि उठ. दुसरं, सौदा: "ही नोकरी दे, मग मी अमुक करीन." जे करायचं ते आधीच कर, जमेल तेवढं. तिसरं सगळ्यांत घातक आहे, आणि ते मंडळीतली चांगली माणसंही बोलून जातात: विश्वास पक्का असेल तर नोकरी जाणार नाही. असं वचन कुठेही दिलेलं नाही. हबक्कूकच्या पुस्तकाच्या शेवटी संदेष्टा स्पष्ट म्हणतो की अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ आलं नाही, शेतं पिकली नाहीत, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या ‘तरी’आधीचं सगळं नुकसान त्याने एकेक करून मोजलेलं आहे. तूही मोज, रडायला आलं तर रड. तो अविश्वास नाही.

भाकरीच्या लगेच पुढची ओळ ऋणाची आहे: आम्ही जशी आमच्या ऋणकोंना ऋणं सोडतो, तशी तू आमची सोड. आणि मत्तयाच्या मराठीत तो शब्द ऋणच ठेवला आहे. हात आखडण्याच्या दिवसांत ही ओळ जड जाते. मैत्रिणीला पैसे द्यायचे झाले तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच दे, आणि ते मनातल्या वहीतून त्याच दिवशी काढून टाक. त्याहून मोठी रक्कम मागितली तर प्रेमाने नाही म्हण आणि तिला जेवायला बोलाव.

शनिवारी दोन भाकऱ्या होतील. बायबलमधल्या दुष्काळात सारफथ गावच्या विधवेकडे मूठभरच पीठ होतं, आणि एलीया संदेष्ट्याने आधी त्याच्यासाठी लहानशी भाकर करायला सांगितली. तुझी पहिली, फुगली असो वा नसो, खोलीतल्या मैत्रिणीला गरम दे, वर तूप आणि बाजूला लसणाची चटणी. दुसरी तू खा. उरली तर सकाळी कुस्करून, फोडणीत कांदा-मिरची परतून त्यात घाल आणि पाण्याचा हबका मारून झाकण ठेव. ज्वारीच्या पिठाचं पाकीट फोडलं की उरलेलं हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेव, आणि पुढचं पाकीट घेताना मागची तारीख बघून ताज्यात ताजं घे.

तुझी,
आई